काचकारांचें इंधन : भट्टी व कोठार यांमधील अंतराचा इतिहास

(१) विषयोपन्यास

जुन्या काचेविषयीं आजवर जें लिहिलें गेलें आहे, तें बहुतेक तयार मालाविषयीं होय. मणी, बांगड्या, कुप्या यांचें वर्गीकरण, त्यांचे रंग, त्यांतील द्रव्यें व त्यांचा काल यांचा विचार पुष्कळ झाला. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांचा भारतीय काचेच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ मुंबई विद्यापीठानें १९६९ सालीं प्रसिद्ध केला, आणि या अभ्यासास पक्का पाया लाभला. परंतु ज्या अग्नीनें वाळूची काच झाली, तो अग्नि कशावर पोसला जात होता आणि तें खाद्य काचकार कोठें ठेवीत असे, या प्रश्नाकडे संग्राहकांचें लक्ष क्वचितच जातें. कारण उघड आहे. मणी टिकतो, राख उडून जाते. सरपणाच्या वखारीचा अवशेष कोणी कपाटांत ठेवीत नाहीं.

तथापि काचेच्या धंद्यावर निरनिराळ्या काळीं राज्यसत्तेनें जे निर्बंध घातले, त्यांतील बरेच या जळणाशीं व आगीशीं निगडित आहेत. ते एकत्र वाचले असतां एक सूत्र हातीं लागतें. काचकारास इंधन हाताशीं हवें असतें, आणि त्याच्या शेजाऱ्यास तें दूर हवें असतें. लाकूड गेलें, कोळसा आला. तेल गेलें, वायु आला. परंतु ही ओढाताण तशीच राहिली, आणि प्रत्येक इंधनाबरोबर ती नव्यानें सोडवावी लागली. भट्टी व कोठार यांमधील अंतर हेंच या धंद्यांतील सुरक्षिततेचें मुख्य माप होय, असें प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे. हा विचार केवळ पुराणवस्तूंच्या हौसेचा नव्हे. आज काचेचें बारीक काम पुन्हा राहत्या घरांत शिरलें आहे, आणि त्याबरोबर त्याचें इंधनही.

(२) कौटिलीय अर्थशास्त्रांतील व्यवस्था

आरंभ आपल्याकडील ग्रंथापासून करणें युक्त होय. पंडित आर्. शामशास्त्री यांच्या हातीं आलेल्या ताडपत्राच्या पोथीवरून कौटिलीय अर्थशास्त्र १९०९ सालीं म्हैसूर येथें छापून निघालें, ही गोष्ट पोथ्यांच्या संग्राहकांस सांगावयास नको. ग्रंथाच्या कालाविषयीं मतभेद आहेत. परंतु आगीसंबंधीं इतकी तपशीलवार व्यवस्था प्राचीन ग्रंथांत विरळा.

दुसऱ्या अधिकरणांतील नागरिकाच्या कर्तव्यांचें प्रकरण पाहावें. उन्हाळ्यांत दिवसाच्या मधल्या दोन चतुर्थांशांत अग्नि पेटविण्यास मनाई आहे. मोडल्यास एक अष्टमांश पण दंड. स्वयंपाक करणेंच झाल्यास घराबाहेर करावा. पाण्याच्या घागरी, द्रोणी, शिडी, कुऱ्हाड, सूप, आंकडा, पखाल इत्यादि साहित्य घरोघर तयार नसेल, तर पाव पण दंड. गवताचीं व चटयांचीं छपरें काढून टाकावीं. रस्त्यांवर, चव्हाट्यांवर, वेशींपाशीं व राजाच्या इमारतींजवळ पाण्याचे घट हजारांनीं भरून ठेवावे. आग लागली असतां धांवून न जाणाऱ्या घरधन्यास बारा पण व भाडेकऱ्यास सहा पण दंड. हयगयीनें आग लागल्यास चौपन्न पण.

या सर्वांत आमच्या विषयास जवळचें वचन म्हणजे अग्निजीवी लोकांस एके ठिकाणीं वसवावें, हें. अग्नीवर ज्यांची उपजीविका चालते ते अग्निजीवी. काचकाराचें नांव तेथें स्वतंत्र घेतलेलें नाहीं. परंतु त्याच अधिकरणांतील रत्नपरीक्षेंत काचमणींचा उल्लेख आहे, तेव्हां काच ग्रंथकारास परिचित होती. शब्दाचा अर्थ पाहतां काचकार त्यांत येतोच, असें आमचें मत आहे.

येथें दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पहिली ही कीं, दंड केवळ आग लागल्यावर नाहीं. साहित्य तयार न ठेवण्याबद्दलही आहे. अपराध घडण्यापूर्वींची हयगय येथें शिक्षेस पात्र ठरली आहे. दुसरी ही कीं, अग्नीचा धंदा करणारा आणि इंधनाचा सांठा यांची व्यवस्था वेगवेगळी लावली आहे. दुर्गाच्या प्रकरणांत गवत, लाकूड, कोळसा, तेलें इत्यादिकांचे अनेक वर्षें पुरतील असे सांठे करावयास सांगितलें आहे. आणि कोठारांच्या प्रकरणांत त्या शाळांस खंदक, पाण्याची सोय व अग्नीपासून रक्षणाचे उपाय असावेत, इतकेंच नव्हे, तर मांजरें व मुंगसें असावींत, असेंही म्हटलें आहे. म्हणजे अग्निजीवी एकीकडे, सांठा दुसरीकडे, आणि सांठ्यावर अध्यक्षाची देखरेख. पुढें जगांत जे जे नियम झाले, त्यांचें बीज येथें स्पष्ट दिसतें. अर्थात् एकानें दुसऱ्याचें घेतलें, असें आमचें म्हणणें नाहीं. सारखी अडचण आली म्हणजे माणसास सारखाच उपाय सुचतो.

(३) व्हेनिसची आज्ञा व तिची दुरुस्ती

यूरोपांतील प्रसिद्ध उदाहरण व्हेनिसचें. इ. स. १२९१ च्या नोव्हेंबरांत तेथील महासभेनें शहरांतील काचेच्या भट्ट्या पाडून टाकण्याची आज्ञा केली. शहराबाहेर, पण राज्याच्या हद्दींत, भट्ट्या चालविण्यास मुभा राहिली. त्यामुळें शहराच्या उत्तरेस खाडींत असलेल्या मुरानो बेटावर हा धंदा एकवटला, आणि आजही त्या बेटाचें नांव काचेशीं जोडलेलें आहे. काचेच्या कृतीची गुप्तता राखण्यासाठीं कारागिरांस बेटावर कोंडलें, अशी कथा वारंवार सांगितली जाते. गुप्ततेचे कडक निर्बंध पुढें आले, हें खरें; परंतु १२९१ च्या आज्ञेच्या मुळाशीं आगीचें भय होतें. लाकडी घरांनीं दाटलेल्या त्या शहरांत रात्रंदिवस जळणारी भट्टी आणि तिच्या शेजारीं रचलेले लाकडाचे ढीग ही कायमची टांगती तलवार होती.

आमच्या दृष्टीनें या आज्ञेपेक्षां तिची पुढच्याच वर्षीं, १२९२ सालीं, झालेली दुरुस्ती अधिक महत्त्वाची आहे. बारीक काचेच्या वस्तु करणाऱ्यांस लहान भट्ट्या शहरांतच ठेवण्याची सवलत मिळाली. मात्र भट्टी व शेजारचीं घरें यांमध्यें ठराविक अंतर सोडलें पाहिजे, ही अट घातली गेली. मोठ्या भट्टीस हद्दपारी, लहान भट्टीस अंतर, असा हा भेद आहे. धंदा लहान आहे म्हणून त्यास मोकळीक दिली. पण तो लहान आहे म्हणून त्यापासून धोका नाहीं, असें त्या सभासदांनीं मानलें नाहीं. घरगुती काचकामाचा पहिला सुरक्षानियम कोणता, असें कोणी विचारल्यास आम्ही या दुरुस्तीकडे बोट दाखवूं.

(४) लाकूड व कोळसा

आतां इंधनाच्या गुणदोषांकडे वळूं; कारण सांठ्याची रीत इंधनाच्या स्वभावावरून ठरते.

बाराव्या शतकांतील थिओफिलस नांवाच्या जर्मन साधूनें कारागिरीवर जो लॅटिन ग्रंथ लिहिला, त्यांत काचेच्या भट्टीस बीच झाडाचें धुरावर पूर्ण वाळविलेलें लाकूड घालावें, असें सांगितलें आहे. इ. स. १५५६ मध्यें छापलेल्या अग्रिकोलाच्या खनिजविषयक ग्रंथाच्या शेवटच्या भागांत काचभट्ट्यांचें सचित्र वर्णन आहे, आणि तेथेंही कोरड्या, धूर न करणाऱ्या लाकडाचाच आग्रह आहे. कारण असें कीं, ओल्या लाकडाची उष्णता त्यांतील पाणी उडविण्यांत खर्च होते, भट्टी तापत नाहीं, आणि धुरानें काचेचा रंग बिघडतो. म्हणून लाकूड कोरडें हवें. आणि तें धुरावर वाळवावयाचें, तर आगीच्या जवळ आणावें लागणार. काचेचा गुण ज्या जवळिकीनें वाढतो, तीच जवळीक घर जाळते. आरंभीं सांगितलेली ओढाताण ती हीच.

इंग्लंडांत हा प्रश्न निराळ्या वाटेनें सुटला. जहाजांस लागणारें इमारती लाकूड काचभट्ट्यांत खपतें, या तक्रारीवरून पहिल्या जेम्स राजानें १६१५ च्या मे महिन्यांत फर्मान काढून काचेच्या भट्टींत लाकूड जाळण्यास बंदी केली. पुढें सर रॉबर्ट मॅन्सेल यानें दगडी कोळशावरील काचेचा मक्ता हातीं घेतला, आणि भट्ट्या अरण्यांतून कोळशाच्या खाणींजवळ व बंदरांकडे सरकल्या.

कोळसा ठिणगीनें लाकडासारखा सहज पेटत नाहीं, म्हणून तो अधिक सुरक्षित वाटतो. परंतु त्याचा दोष छुपा आहे. कोळशाचा चुरा हवेंतील प्राणवायु शोषून आपोआप तापतो. ढीग उंच व दाट असला कीं ती उष्णता बाहेर पडत नाहीं, आणि कोणीही काडी न लावतां ढिगाचें पोट पेटतें. म्हणून कोळशाचा ढीग बेताच्या उंचीचा ठेवावा, चुरा वेगळा काढावा, जुना कोळसा आधीं वापरावा, हे नियम वखारवाल्यांस अनुभवानें शिकावे लागले. लाकडाच्या बाबतींत अंतर पुरेसें होतें; कोळशाच्या बाबतींत ढिगाचा आकारही पाहावा लागला. इंधन बदललें म्हणजे जुनी सावधगिरी पुरत नाहीं, याचा हा पहिला धडा.

महाराष्ट्रांतील अर्वाचीन काचधंद्याचा आरंभ कारखान्यांच्या युगांतला. अंताजी दामोदर काळे यांनीं उभारलेल्या पैसाफंडाच्या द्रव्यावर १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें काचकारखाना निघाला. ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या देखरेखीखालीं तेथें विद्यार्थी शिकून बाहेर पडले. १९१६ सालीं ओगले बंधूंचा कारखाना निघाला, आणि त्यांच्या प्रभाकर कंदिलानें घरोघर प्रवेश केला. कारखाना म्हटला कीं आवार, पहारा व कायदा हे ओघानेंच येतात. घरांत यांपैकीं एकही नसतें. म्हणून आतां कारखाना सोडून घराकडे वळणें प्राप्त आहे.

(५) दिव्यावरील काचकाम

भट्टी न पेटवितां, तयार काचेची कांडी वा नळी दिव्याच्या ज्योतीवर मऊ करून मणी, खेळणीं, उपकरणें घडविणें, हा या धंद्याचा घरगुती फांटा होय. योहान कुंकेल याच्या १६७९ सालच्या जर्मन ग्रंथांत अशा कारागिराचें चित्र आहे. मेजावर दिवा, मेजाखालीं पायानें चालविण्याचा भाता, आणि भात्याच्या वाऱ्यानें आडवी व तीक्ष्ण झालेली ज्योत. इंधन तेल किंवा चरबी. येथें सांठा म्हणजे दिव्यांतील तेल व कोपऱ्यांतील बुधला. तेल सांडतें, पण उडून जात नाहीं. सांडलेलें दिसतें व पुसतां येतें. धोका असला तरी तो डोळ्यांसमोरचा.

थुरिंगियांतील लाउशा या डोंगरी गांवीं हा धंदा घरोघर चाले. तेथली पहिली काचशाळा १५९७ सालची. नाताळच्या झाडावर टांगावयाचे काचेचे पोकळ गोळे तेथील कुटुंबें राहत्या घरांत दिव्यावर फुगवीत. बायकामुलें ते रंगवीत व बांधीत. १८६७ सालीं त्या गांवीं कोळशाच्या वायूचा कारखाना झाला आणि घरोघर नळ गेले. ज्योत अधिक तप्त व स्थिर झाली, गोळे अधिक पातळ व मोठे फुगूं लागले, हें काचेच्या इतिहासकारांनीं नोंदलें आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीनें मात्र त्या वर्षाचें महत्त्व दुसरें आहे. नळ आला, आणि इंधनाचा सांठा घराबाहेर गेला. वायूची टांकी गांवाच्या कडेला, तिच्यावर जाणत्या माणसांची नजर, आणि घरांत फक्त नळ व चावी. भट्टी व कोठार यांमधील अंतर काचकारास कांहीं न करतां आयतेंच मिळालें. गळतीचा व विषारी धुराचा धोका राहिला, परंतु सांठ्याचा धोका गेला.

ड्रेस्डेनजवळ आपल्या घरींच काम करणारे लेओपोल्ड व रुडोल्फ ब्लाश्का या पितापुत्रांनीं १८८७ पासून १९३६ पर्यंत हार्वर्ड विद्यापीठासाठीं काचेचीं चार हजारांवर वनस्पतिचित्रें घडविलीं. त्यांचीं साधनें पाहिलीं म्हणजे आश्चर्य वाटतें : एक मेज, एक दिवा, एक पायभाता. काचेच्या कामांतील सूक्ष्मता इंधनाच्या सांठ्यावर अवलंबून नाहीं, ही गोष्ट त्यांच्या उदाहरणावरून सिद्ध होते. घरच्या शाळेंत जितकें काम, तितकेंच इंधन असावें, हा त्यांतला बोध.

आपल्याकडे याचें जिवंत उदाहरण फिरोजाबाद. भट्टीवर काचेचें वेटोळें निघतें, पण तें कापल्यावर बांगडी सरळ करणें व तिचीं टोकें जुळविणें हें काम घरोघर, बायकामुलांच्या हातून, रॉकेलच्या दिव्याच्या ज्योतीवर होत आलें. त्यास सधाई व जुडाई म्हणतात. ताजमहालाच्या रक्षणार्थ सर्वोच्च न्यायालयानें ३० डिसेंबर १९९६ रोजीं त्या परिसरांतील उद्योगांनीं कोळसा सोडून नैसर्गिक वायु घ्यावा अथवा अन्यत्र जावें, असा निर्णय दिला, आणि तेथील भट्ट्यांत नळाचा वायु आला. कारखान्याची चिमणी न्यायालयास दिसली, कारण ती उंच होती. घरांतल्या दिव्याखालचा डबा मात्र लहान असतो, आणि लहान वस्तु कायद्याच्या नजरेंतून सुटतात. व्हेनिसच्या सभेनें १२९२ सालीं लहान भट्टीचा वेगळा विचार केला, त्याची थोरवी येथें कळते.

(६) सांठा पुन्हा घरांत

विसाव्या शतकांत दोन शोधांनीं घरगुती काचकामाचें रूप पालटलें. एक, हवा थंडीनें पातळ करून तिच्यांतून प्राणवायु वेगळा काढण्याची कार्ल फोन लिंडे यांची रीत, १९०२ सालची. दुसरा, खनिज तेलांतून निघणारे प्रोपेन व ब्युटेन हे वायु दाबाखालीं पातळ करून पोलादी सिलिंडरांत भरण्याची रीत. भारतांत इंडेन या नांवाचा असा सिलिंडर १९६५ सालीं कलकत्त्यास प्रथम ग्राहकाच्या घरीं गेला. या दोहोंच्या मिलाफानें कठीण काचही मेजावर वितळूं लागली; भात्याची गरज उरली नाहीं. परंतु नळानें घराबाहेर नेलेला सांठा सिलिंडरानें पुन्हा घरांत आणला, आणि तोही पूर्वीं कधीं नव्हता इतका घट्ट दाबून.

या इंधनाचा स्वभाव पाहावा. प्रोपेन हवेच्या सुमारें दीडपट व ब्युटेन सुमारें दुप्पट जड असतो. गळाला कीं तो धुरासारखा वर जात नाहीं. पाण्यासारखा खालीं वाहतो, आणि तळघर, मोरी, गटार, खड्डा येथें जमून राहतो. एक भाग पातळ प्रोपेन सुटला तर त्याचा सुमारें २७० भाग वायु होतो. हवेंत शेंकडा दोन इतकें त्याचें प्रमाण झालें कीं मिश्रण ठिणगीस आसुसलेलें असतें. शाळेंतील त्रैराशिक येथें उपयोगी पडतें. दहा फूट लांब, रुंद व उंच अशा खोलींत हजार घनफूट हवा असते. तिचा पन्नासावा भाग वीस घनफूट. इतका वायु सुमारें एक ते सव्वा किलो इंधनापासून होतो. घरगुती सिलिंडरांत १४.२ किलो असतें. म्हणजे एका सिलिंडरांत अशा दहाबारा खोल्या उडविण्याचें सामर्थ्य आहे. आणि वायु जमिनीलगत सांचत असल्यामुळें सर्व खोली भरण्याची वाटही पाहावी लागत नाहीं.

हा वायु स्वभावतः जवळजवळ निर्गंध असतो. आपणांस येणारा उग्र वास मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा होय. १८ मार्च १९३७ रोजीं अमेरिकेंत टेक्सास प्रांतांतील न्यू लंडन येथील शाळेंत वास नसलेला नैसर्गिक वायु तळाच्या पोकळींत सांचला व त्याचा स्फोट होऊन सुमारें तीनशें मुलें व शिक्षक दगावले. त्यानंतर इंधनवायूस वास देण्याचा कायदा झाला. आयुष्य शाळेंत घालविलेल्या आमच्यासारख्यास हा वृत्तांत स्वस्थपणें वाचवत नाहीं. आज आपल्या नाकास जी सूचना मिळते, तिची किंमत त्या मुलांनीं भरली आहे.

सिलिंडरावर दाब फार वाढल्यास वायु बाहेर सोडणारी झडप असते. ती सिलिंडर फुटूं नये म्हणून आहे, खोलीच्या रक्षणासाठीं नव्हे. सिलिंडर घरांत असून तापला, तर हीच झडप सर्व वायु खोलींत ओतते. बाहेर असला, तर तो मोकळ्या हवेंत विरतो. सिलिंडर बाहेर ठेवावा, या नियमाचें खरें कारण या झडपेंत आहे.

प्राणवायूचा प्रकार निराळा. तो स्वतः जळत नाहीं, म्हणून अनेकांस निरुपद्रवी वाटतो. पण तो जळणाऱ्या प्रत्येक वस्तूचें बळ वाढवितो. त्याच्या सिलिंडराच्या तोंडास तेलाचा वा वंगणाचा हात लागला, तर दाबाखालील प्राणवायूंत तें तेल आपण होऊन पेट घेऊं शकतें. आणि भरलेला सिलिंडर आडवा पडून त्याचें तोंड तुटलें, तर तो बाणासारखा सुटतो.

(७) आजचे नियम व त्यांची जुनी कुळी

आतां घरगुती काचशाळेविषयीं जाणते लोक जे नियम सांगतात, ते वर सांगितलेल्या इतिहासाशीं ताडून पाहूं.

पहिला नियम : इंधनवायूचा सिलिंडर घराबाहेर, उभा, पक्क्या सपाट जागेवर, सावलींत व मोकळ्या हवेंत असावा, खिडकी, दार, मोरी व गटार यांपासून दूर असावा, तळघरांत तर कदापि नसावा. भिंतींतून धातूची नळी आंत आणावी, आणि एक चावी बाहेर सिलिंडरावर व एक आंत हाताशीं असावी. लाउशाच्या नळानें जें साधलें, तेंच येथें दहापांच हातांच्या नळीनें साधावयाचें आहे. ज्यांस वायु हवा आणि सांठा नको, त्यांस शहरांतील नळाचा वायु हा उत्तम मार्ग. परंतु त्यावर काचकाम करण्यापूर्वीं पुरवठा करणाऱ्या संस्थेची संमति घेतली पाहिजे.

दुसरा नियम : इंधन व प्राणवायु एकत्र सांठवूं नयेत. अमेरिकेंतील कामगार-सुरक्षेच्या नियमांत या दोहोंच्या सांठ्यांमध्यें वीस फूट अंतर, अथवा अर्धा तास आगीस दाद न देणारी पांच फूट उंच भिंत सांगितली आहे. अंतर किंवा भिंत. १२९२ च्या दुरुस्तींतील अंतराची अट आणि ही अट यांमध्यें सातशें वर्षें गेलीं. तत्त्व तेंच राहिलें. प्राणवायूचा सिलिंडर भिंतीस साखळीनें बांधावा, आणि वापर नसतां त्यावर टोपी असावी. हवेंतूनच प्राणवायु वेगळा काढणारें विजेचें यंत्र आतां मिळतें. लहान ज्योतीस तें पुरतें, आणि त्यानें उच्च दाबाचा एक सांठा कमी होतो.

तिसरा नियम : सांठा गरजेपुरता असावा. २०१६ च्या भारतीय गॅस सिलिंडर नियमांप्रमाणें एकूण शंभर किलोपर्यंत अशा पातळ इंधनवायूच्या सांठ्यास परवाना लागत नाहीं. परंतु परवाना न लागणें म्हणजे धोका नसणें नव्हे. अमेरिकेंतील प्रचलित मानकांत तर राहत्या घराच्या आंत एक पौंडाच्या लहान डब्यांपलीकडे प्रोपेन सांठविण्यास मज्जाव आहे. रिकामा म्हणून बाजूस ठेविलेल्या सिलिंडरांतही कांहीं वायु उरलेला असतो. त्यास भरल्या सिलिंडराचेच नियम लावावे.

चौथा नियम : रोजची तपासणी. सांधे साबणाच्या पाण्यानें तपासावे, काडीनें कधींही नव्हे. ज्योत उलट नळींत शिरूं नये म्हणून अडसर बसवावा. काम संपल्यावर चावी सिलिंडरापाशीं बंद करावी, व नळींत उरलेला वायु जाळून टाकावा. वायु ओळखणारें यंत्र जमिनीलगत लावावें, कारण शत्रु खालून येतो. खोलींत हवा खेळती असावी. आग विझविण्याचें साधन दाराशीं असावें. घागर, शिडी व आंकडा तयार नसल्याबद्दल पाव पण दंड करणारा कौटिल्य यांतील शेवटच्या कलमास ओळखील.

येथें एक आक्षेप अपेक्षित आहे. आपल्याकडे लाखों घरांत सिलिंडर स्वयंपाकघरांतच असतो. मग काचकारासच बाहेर कां घालवावें? उत्तर असें. चुलीचा वायु अत्यंत कमी दाबानें येतो, चुलीस प्राणवायूचा सिलिंडर जोडलेला नसतो, आणि चूल थोडा वेळ जळते. काचेची ज्योत कित्येकपट अधिक दाबावर, तासन् तास, जोडीला प्राणवायु घेऊन जळते. शेजारीं काच निववण्याची विजेची भट्टी तापलेली असते, आणि तप्त काचेचे तुकडे उडून खालीं पडतात. नळी कोठून गेली आहे, याचा विचार चुलीपाशीं एकदां करावा लागतो. येथें रोज करावा लागतो. सवयीनें आलेली निर्भयता एका कामांतून दुसऱ्या कामांत नेणें, हीच कोळशाच्या वखारवाल्यांची जुनी चूक होती.

(८) उपसंहार

या सर्व विवेचनाचें तात्पर्य असें. काचेच्या इतिहासांत इंधन चार वेळां बदललें, आणि प्रत्येक वेळीं नवें इंधन आधींच्यापेक्षां स्वच्छ व सोयीचें म्हणून आलें. त्याचा धोका मात्र अधिकाधिक अदृश्य होत गेला. लाकडाचा ढीग दिसतो. कोळशाचा दाह आंत असतो. तेल सांडलेलें कळतें. वायु दिसतही नाहीं. धोका जितका अदृश्य, तितका नियम अधिक पाळावा लागतो, कारण आठवण करून देणारें डोळ्यांसमोर कांहींच नसतें.

या त्रैमासिकाच्या वाचकांस यांत काय, असें कोणी म्हणेल. पोथीच्या अखेरीस लेखक तेलापासून, पाण्यापासून व सैल बंधनापासून ग्रंथाचें रक्षण करा, अशी विनवणी करतो, हें आपण शेंकडों वेळां वाचलें आहे. अग्नीपासून रक्षण मागावयाचें तें पोथीच्या धन्यापाशींच नव्हे, त्याच्या शेजाऱ्यापाशींही. १८२८ सालीं शनिवारवाडा जळाला, त्याचे चौथरे आपण आजही पाहतों. आज एकाच इमारतींत वरच्या मजल्यावर दप्तरें आणि खालच्या मजल्यावर हौशी काचकाराची ज्योत असणें अशक्य नाहीं. दोन्ही जपण्याजोग्या विद्या आहेत. दोघांनीं एकमेकांशीं बोलावें, सिलिंडर कोठें आहे हें विचारावें, आणि त्यांत संकोच मानूं नये.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. ज्यांच्या संग्रहीं जुने जमाखर्च, कारखान्यांचे तपशील अथवा कोतवालीचे कागद असतील, त्यांनीं सरपण, कोळसा, तेल, वखार व आगीबद्दलची गुन्हेगारी या नोंदींवर खूण करून ठेवावी. अशा ओळी आजवर क्षुल्लक म्हणून उतरवून घेतल्या जात नसत. किती जळण, कोठें ठेविलें, आणि भट्टीपासून किती हातांवर, इतकें जरी एकेका कागदावरून कळलें, तरी या इतिहासाचें आपल्याकडील प्रकरण लिहितां येईल.